माशांचं शिळं पाणी

४ जानेवारी, शनिवार
मासे आजही खाली. पाचही. दगडांवर पोट टेकून बसलेत, कुणाचं तोंड कुठं, कुणाचं कुठं. सहावा तो काळा, काच चाटणारा. तो नेहमीच तळाला असतो, त्याला मोजत नाही.

वसुधाला जाऊन पंधरा दिवस झाले. अक्का काल करमाळ्याला परत गेली. घर फार स्वच्छ आहे. दहाव्याला तिने रीतीप्रमाणे घरातलं साठवलेलं सगळं पाणी ओतून दिलं. पिंप, हंडे, माठ. माशांची टाकीसुद्धा. मी दहाव्याहून आलो तेव्हा काच लख्ख होती, आतले दगड कढत पाण्याने धुऊन उन्हात वाळत घातलेले, आणि मासे पुरणाच्या पातेल्यात. अक्का म्हणाली, "बघ की, तुझ्या बायकोनंबी एवढी चकचकीत ठेवली न्हवती." मग ताजं नळाचं पाणी भरलं, मासे सोडले.
खरं तर मलाही तेव्हा बरंच वाटलं होतं.

५ जानेवारी, रविवार
पाणी आलं. साडेसात ते सव्वानऊ. पाचव्या दिवशी आलं म्हणजे वेळेवरच. पहिलं काय भरायचं, पिंप की हंडे, मला माहीत नाही. हे सगळं व. बघायची. मी शाळेत असायचो.

माशांना खाणं टाकलं. वर तरंगत राहिलं, कुणी आलं नाही. मग भिजून खाली गेलं, तेव्हा एकाने तोंड लावलं आणि टाकून दिलं.
ती नुसती टाकीजवळ जाऊन उभी राहिली तरी हे वर यायचे, पाण्याबाहेर तोंडं काढायचे. मी उभा राहून पाहिलं. पाच मिनिटं. दहा.

सारखं तेच डोक्यात येतं. दवाखान्यात नेताना रिक्षात म्हणाली, "माशांचं पाणी..." मी म्हटलं, "हो, बघतो." तेवढ्यात रिक्षावाल्याने विचारलं, पुढच्या गेटनं घेऊ का मागच्या. मी त्याच्याशी बोललो. मागे वळून पाहिलं तर तिने डोळे मिटले होते. दुपारी घशात नळी घातली. नंतर बोलणं झालंच नाही.
माशांचं पाणी काय?

६ जानेवारी, सोमवार
शाळेत हजर झालो. सगळे हळू आवाजात बोलतात. बारावीच्या प्रात्यक्षिकांची तयारी तशीच पडली आहे. दिवसभर प्रयोगशाळेत चंचुपात्रं धुतली. बरं वाटलं.

शेजारच्या पद्मावहिनी भाजी घेऊन आल्या. टाकीकडे बघून म्हणाल्या, "माणूस गेलेलं त्येंनाबी कळतंय हो भाऊ. आमच्या सासऱ्यांचा पोपट बारा दिवस बोलला नव्हता."
"तेराव्या दिवशी बोलला?"
"तेराव्या दिवशी मेला."
मग त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. डबा तिथेच ठेवून गेल्या.

मासे दुःखात आहेत, असं धरून चालावं असं मलाही वाटतं. म्हणजे मग काही करायला नको. पण पहिले नऊ दिवस ते चांगले पोहत होते. तेव्हाही ती नव्हतीच.

७ जानेवारी, मंगळवार
पहाटे गारठा होता. थंडीने खाली बसत असतील. टाकीला तिन्ही बाजूंनी चादर गुंडाळली. चौथी बाजू बघण्यासाठी मोकळी.
संध्याकाळी फरक नाही. मोठा केशरी, तो नाना. एवढं एकच नाव मला माहीत आहे. बाकीच्यांनाही तिने नावं ठेवली होती, मी कधी विचारलं नाही. नानाच्या शेपटीजवळ लाल रेघ दिसते. आधी होती का? आठवत नाही. सहा वर्षं ती टाकी माझ्या खुर्चीसमोर आहे.

८ जानेवारी, बुधवार
सुटल्यावर माशांच्या दुकानात गेलो. व. इथूनच सगळं आणायची. पिशवीवरच्या नावावरून शोधलं. दुकानदार रफीकभाई. नानाचं वर्णन केल्याबरोबर ओळखलं.
"अरे, तुम भाभी के साहब! भाभी नै आये?"
मी म्हटलं, "गावाला गेल्यात. करमाळ्याला."
का म्हणालो कुणास ठाऊक. ग्राहक होते, सगळे ऐकत होते. तोंडातून निघून गेलं.
त्याने विचारलं, खाली बसतात म्हणजे कसे, पंख मिटून की उघडून. मी म्हटलं, बघून सांगतो. "पानी बदले क्या?" मी म्हटलं, थोडं.
हेही खोटंच. थोडं नाही, सगळं बदललं. पण सगळं म्हटलं की पुढे विचारणार, कुणी बदललं, का बदललं. दहाव्याचं सांगावं लागणार. आणि भाभी करमाळ्याला.
त्याने मीठ टाकायला सांगितलं. चिमूटभर. आणलं, टाकलं.
पंख मिटलेले आहेत. पाचांचेही.

९ जानेवारी, गुरुवार
एक गेला. पांढरट, लहान. सकाळी फिल्टरच्या नळीला चिकटलेला होता.
मोगऱ्याच्या कुंडीत पुरला. चमच्याने माती उकरली.

अक्काचा फोन. आधी जेवलास का, मग मासे.
"मासे कसे हायत रे?"
"बरे आहेत."
"असणारच. एवढी टाकी धुऊन दिली हाय. मी मासिकाला आले की पुना धुते. तुला जमायचं न्हाई."
मी हो म्हणालो.

१० जानेवारी, शुक्रवार
आज नळाला पाणी. शाळेत जाण्याआधी भरून झालं. भरताना औषधाचा वास आला. आधी कधी लक्ष दिलं नव्हतं.

टाकीतलं पाणी छोट्या बाटलीत घेऊन गेलो. दुपारच्या सुटीत प्र.शा. रिकामी होती. नेसलर द्रावण काढलं. बारावीला अमोनियाच्या परीक्षेला लागतं तेच. दोन परीक्षानळ्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत टाकीतलं. दोन-दोन थेंब.
निरीक्षण: नळाचं तसंच राहिलं. टाकीतलं पिवळं, मग चहासारखं.
शिंदे सर आत आले. "देशमाने, काय तपासताय?"
"पाणी."
"कुठलं?"
"घरचं."
"पिता की काय हे?" नळी उजेडाकडे धरून हसले. मग एकदम गंभीर झाले आणि खांद्यावर हात ठेवून गेले. त्यांना काय वाटलं असेल ते असो.
मासे स्वतःच्याच घाणीत बसले आहेत. पण सहा वर्षं बसले नाहीत ते आताच का? टाकी तर आता कधी नव्हे इतकी स्वच्छ आहे.
अनुमान: 

११ जानेवारी, शनिवार
अर्धी शाळा. घरी येऊन टाकीखालचं कपाट काढलं. खाण्याचे डबे, जाळी, जुना टूथब्रश. मागे एक ड्रॉपरची बाटली, शेजारी कॉफीची बरणी, त्यात पांढरे खडे. बाटलीवर चिकटपट्टी, तिचं अक्षर: बादलीला ४ थेंब.
खडे हातात घेतल्याबरोबर ओळखले. हायपो. आयोडीनच्या अनुमापनाला दर वर्षी मीच त्याचं द्रावण करून ठेवतो. क्लोरीन याने जातो.
आणि मग आठवलं. तिने एकदा चहा पिताना विचारलं होतं, पाण्यातलं औषध कशाने जातं हो? मी सांगितलं. आठवड्याने पुडी आणून दिली. कशाला हवंय, विचारलं नाही. नंतर विसरलो.
म्हणजे ती नळाचं पाणी तसंच कधी टाकीत घालत नव्हती. सहा वर्षं.
आम्ही दहाव्याला सरळ नळी लावून भरली. अक्काने नळी धरली, मी नळ सोडला.

१२ जानेवारी, रविवार
पण क्लोरीन तर एव्हाना उडून गेला असेल. बारा-चौदा दिवस झाले. मग तो पिवळा रंग कशाचा? दिवसभर तेच.
नाना एका कुशीवर कलतो, पुन्हा सरळ होतो. श्वास जोरात चाललाय. मिनिटाला किती ते मोजायला लागलो आणि सोडून दिलं. तिच्या शेवटच्या दिवशीही मी ते यंत्रावरचे आकडेच बघत बसलो होतो.

१३ जानेवारी, सोमवार
रफीकभाईकडे. दुकानात कुणी नव्हतं. खरं सांगितलं. आधी पाण्याचं, मग तिचं. ते स्टुलावरून उठून उभे राहिले.
"भाभी... कब?" एका टाकीचा दिवा बंद केला, पुन्हा लावला. म्हणाले, "पिछले महिने तो आये थे. मेरे कू गुड की पोली दिये."
मग पाण्याचं बोलले. "पूरा पानी निकाले? एक मग्गा भी पुराना नै रखे? कंकर धोये, जाली भी धोये?"
"कढत पाण्याने."
"काका, कैसा करे तुम! नया पानी दिखने कू साफ रैता, लेकिन उसमें मछली का कोई नै रैता. पुराने कंकर में, जाली में बारीक-बारीक कीडे रैते. मछली की गंदगी वोच खाते. तुम लोगां मछली कू छोड के बाकी पूरा मोहल्ला धो डाले."
त्यांनी स्वतःच्या टाकीतला काळाकुट्ट, बुळबुळीत स्पंज काढला, ओल्या पिशवीत बांधून दिला. पैसे घेतले नाहीत. "ये गंदा नै है. ये दवा है. इसकू धोने का नै, सुखाने का नै. महिनाभर टाकी साफ करने का नै. रोज एक छोटी बाल्टी पानी बदलो, वो भी बासी, दो दिन रखा हुआ."
"वाचतील ना?"
"बुड्ढा मुश्किल है. देखेंगे."
स्पंज टाकीत सोडला. पाणी गढूळ झालं. अक्का पाहील तर...

१४ जानेवारी, मंगळवार
संक्रांत. आपल्याला यंदा नाही. पद्मावहिनींनी दारात येऊन नुसता नमस्कार केला. लोक गड्ड्याच्या यात्रेला चालले होते, रस्ता पांढऱ्या कपड्यांनी भरलेला.
दुसरा गेला. तोही पांढरट. पहिल्याच्या शेजारीच पुरला.
तीन राहिले.

१६ जानेवारी, गुरुवार
रोज सकाळी एक बादली काढतो, एक घालतो. काल पाणी आलं तेव्हा वेगळी भरून ठेवली, चार थेंब टाकले. नेसलर: अजून पिवळं, पण चहाइतकं नाही. की मला तसं वाटतंय?
अक्काचा फोन. शनिवारी येते. मासिक रविवारी. "ब्रश नवा घेतलाय टाकीला. तारेचा न्हाई, मऊ हाय, घाबरू नको."
सांगायला हवं होतं. फोन धरून उभा राहिलो. "हां" म्हणालो.
सांगणार काय? अक्का, तुझ्या हाताने मासे मेले? बावन्न वर्षांत तिला एकदाही उलट बोललो नाही. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. व. च्या वेळीही पहिल्या दिवसापासून तीच. रडत रडत भांडी घासत होती. त्या टाकीचे दगड तिने एकेक करून धुतले. तेवढं मी कुणाचं काही केलं नाही.
आणि नाही सांगितलं, तर रविवारी स्पंज धुऊन निघणार.

१८ जानेवारी, शनिवार
अक्का आली. कडक भाकऱ्या, शेंगाचटणी, पिशवीभर बोरं. दार उघडल्याबरोबर टाकीकडे नजर.
"अगं आई! काय हाल केलास रे! हे काळं काय टाकलंस आत? पोतेरं हाय व्हय?"
"राहू दे. उद्या बघू."
"उद्या कधी? ब्राह्मण यायच्या आधी उरकते."
रात्री नीट झोपलो नाही. पाठ केल्यासारखं एकेक वाक्य मनात बोलून ठेवलं. सगळी खोटी वाटली.

१९ जानेवारी, रविवार
फुलं आणि केळीची पानं आणायला गेलो. तेवढ्याच वेळात तिने पदर खोचला होता. मोरीत उभी, एका हातात स्पंज, दुसरा हात पिंपाच्या तोटीवर.
"अक्का, थांब!"
एवढ्या मोठ्याने की पद्मावहिनींचं दार उघडलेलं ऐकू आलं.
"ओरडलास व्हय माझ्यावर?"
"ते धुवायचं नाही. त्यांना जुनं पाणी लागतं. शिळं. सगळं नवं घातलं की ते... खाली बसतात."
स्पंज तिच्या हातात ठिबकत होता. मी घेतला आणि टाकीत सोडला.
ती अडाणी नाही. पाटावर बसली. "म्हंजी त्या दिवशी मी..."
"नळ मी सोडला होता."
"दोन कुटं हायत?"
"कुंडीत."
"गंगा-जमना," ती म्हणाली. "त्या दोगी पांढऱ्या ना? वसुधा सांगायची. एकीमागं एक असायच्या." नावं तिला माहीत होती. दर रविवारी दोघी फोनवर तासभर बोलायच्या, मला वाटायचं स्वयंपाकाचं बोलतात.
मग म्हणाली, "आन् त्या बादल्या?"
"कुठल्या?"
"गॅलरीत दोन बादल्या व्हत्या. भरून, वर ताट झाकून, ताटावर वरवंटा. मला वाटलं शिळं पाणी हाय. त्याबी ओतल्या की मी."

मला माहीत नव्हत्या. मी गॅलरीत गेलोच नव्हतो. दवाखान्यात नेलं त्याच्या आदल्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. तिला तेव्हाच दम लागत होता. तरी दोन बादल्या.
अक्का माझ्या तोंडाकडे बघत होती.
"बोल की रे काहीतरी. वसुधा म्हणायची, ह्यांना काही विचारलं की उत्तर यायला आठ दिवस लागत्यात, तवर मी माशांना विचारून घेते." हसायला गेली आणि पदर तोंडाला लावला.
तेवढ्यात ब्राह्मण आले.

२० जानेवारी, सोमवार
पाणी आलं. मी उठायच्या आधी अक्काने दोन बादल्या भरून गॅलरीत ठेवल्या होत्या.
"थेंब किती?"
"चार."
ड्रॉपर डोळ्यांसमोर धरून तिने मोजून टाकले, देवाला पळीने पाणी घालावं तसे. ताट झाकलं. वरवंटा ठेवला. त्या बादल्या कशाच्या होत्या, मी तिला सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही.
आज परत जाणार होती. गेली नाही. म्हणाली, बोरं संपूदेत.

राहिलेल्यांतला एक नाना, एक ढोल्या. तिसऱ्याचं नाव अक्काला आठवत नाही. सकाळपासून आठवतेय. "काहीतरी गमतीचं व्हतं. हसलो व्हतो आमी."

२२ जानेवारी, बुधवार
नेसलर: फिकट. लिंबाच्या सरबताइतकं. शिंदे सरांनाही दाखवलं, भास नको म्हणून. ते म्हणाले, उतरलंय. कशाचं पाणी ते आज सांगितलं. खुर्ची ओढून बसले आणि सगळं ऐकलं.
ढोल्या खाण्याला अर्ध्यापर्यंत वर आला. नाना नाही. शेपटीची लाल रेघ तशीच.
रफीकभाईंकडे गेलो, रंग सांगितला. "छोटे बच जायेंगे," म्हणाले. नानाचं काही बोलले नाहीत. तिचा गुळाच्या पोळीचा डबा परत दिला, धुऊन ठेवलेला.

"माशांचं पाणी..." ठेवलंय, असंच असणार पुढे. गॅलरीत ठेवलंय. दुसरं काय असणार. तरी रिक्षात बसल्यासारखं होतं आणि पुढचा शब्द येत नाही. ओतू देऊ नका, असंही असेल. तिला माहीत होतं का, की दहाव्याला ओततात?

२४ जानेवारी, शुक्रवार
सकाळी अक्काने हाक मारली. "ये लवकर! वर हाय!"
मी गेलो तोपर्यंत तिघेही खाली.
"तू जवळ जाऊ नको. तुझी सावली पडली की बसत्यात. हितनंच बघ." तिने स्वयंपाकघराच्या दारात मला उभं केलं. ती मागे, खांद्यावरून बघत.
उभे राहिलो. पाच मिनिटं. मग एक हळूहळू दगडावरून सुटला, टाकीच्या अर्ध्याच्याही वर गेला आणि तिथेच पाण्यात थांबला. केशरी. तिघेही केशरीच आहेत.
"नाना हाय का रे?"
चष्मा शाळेच्या पिशवीत होता. आणायला हललो असतो तर तो गेला असता.
"आहे," असं म्हणणार होतो. मग म्हटलं, "दिसत नाही नीट, अक्का. कुणीतरी एक वर आहे."